घरी जाण्याचे सूर

बेराका,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. लीसबेट हिस,

तुझ्या सासूचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे, गुडघे सोडून. माझ्या नातीला, मिर्नाला पापा. आजचं बायबलचं वचन रोजच्या वचनांच्या पुस्तकात बघून घे, ते उतरून काढायला माझा हात चालत नाही.

इकडे वाऱ्याने जीव नकोसा केलाय. छपराचं गवत उडतं, कोंबड्या खुराड्याबाहेर पडत नाहीत आणि मलाही एका जागी बसवत नाही. सकाळपासून अंगण झाडतेय. झाडलं की पुन्हा भरतं, भरलं की पुन्हा झाडते.

बातमी अशी की आपला चर्चचा बँड कॅसेट काढणार आहे. ब्रदर कुपिडोला हे वेड कुणी लावलं कोण जाणे. बँडमास्तर झाल्यापासून त्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत. म्हणतो, आपली पोरं शहरात गेली, बोटींवर गेली, चर्चचं तोंड बघत नाहीत. ती चर्चकडे येत नाहीत तर चर्चने कॅसेटमध्ये बसून त्यांच्याकडे जायचं. देवाचं नाव स्वयंपाकघरात, बसमध्ये, बोटीच्या केबिनमध्ये पोचलं पाहिजे. मी म्हटलं, आधी तुझा तो दुसरा ट्रॉम्बोनवाला सुरात पोचू दे, मग देवाचं बघू. पाळकबाई हसल्या आणि कुपिडो रुसला.

इथवर ठीक होतं. आता त्याच्या डोक्यात आलंय की कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला घरी जाण्याचे सूर घालायचे. शहरात राहून तू विसरली असशील म्हणून सांगते. आपल्याकडे कुणी गेलं की निरोप्या दारोदार हिंडत नाही. बँड चर्चच्या दारात उभा राहतो आणि तीन सूर वाजवतो. पहिला आणि तिसरा सगळ्यांना सारखेच. मधला सांगतो कोण गेलं ते. मुलाचा वेगळा, बिनलग्नाच्या पोरीचा वेगळा, विधवेचा वेगळा, नवऱ्यामाणसाचा वेगळा. मधला सूर कानावर पडला की कुठल्या दाराशी कॉफी न्यायची ते गावाला कळतं. त्यानंतर घंटा.

हे सूर प्रेताशिवाय वाजवायचे नसतात. मी कुपिडोला फाटकाबाहेर उभं करून हे सांगितलं. आत घेतलं नाही. तो म्हणाला, ऊमा पोली, तुम्ही सगळ्या गावाच्या आजी, पण अशाने पुढच्या पिढीला हे सूर कळणारच नाहीत. मी म्हटलं, पुढची पिढी मरायला लागली की कळतील.

खरं कारण त्याला सांगितलं नाही, तुला सांगते. कुणी खरोखर मेलं तर वाजवा, माझं काही म्हणणं नाही. गेल्या हिवाळ्यात म्हातारा योमाट गेला, नवऱ्यांचा सूर वाजला, मीही उभी राहिले आणि कॉफी घेऊन गेले. पण कुणी मेलेलं नसताना तो सूर वाजला तर गाव मेलेला माणूस शोधायला लागेल. आणि या गावात ज्याचा ठावठिकाणा लागलेला नाही असा नवरा एकच आहे. येफ्ताची बोट बंदरातून गेली ती आली नाही, याला दोन वर्षं झाली. त्याच बोटीवरच्या बाकीच्यांच्या घरच्यांनी आपापल्या गावी रडून घेतलं. घेऊ देत. मी माझ्या मुलासाठी सूर वाजवू दिला नाही आणि देणार नाही. सापडला नाही म्हणजे मेला नाही. मांजर आठवडाभर घरी आलं नाही तर आपण त्याच्यासाठी खड्डा खणतो का?

झेपेल तेवढंच काम कर, मिर्नाच्या वेण्या घट्ट घालत जा, आणि म्हातारीवरचा जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी सासू,
अपोलोनिया अरेंड्से


अथलोन, केप टाउन,
२६ फेब्रुवारी १९८४

ती. मा यांना,

लीसबेटचा सप्रेम सलाम. वि. वि. पत्र मिळालं. आम्ही दोघी खुशाल आहोत. मिर्नाच्या वेण्या घट्ट घालते, ती ओरडते, मी तुमचं नाव सांगते.

काल बँड इथे आला होता. हॉलमध्ये कार्यक्रम झाला. लॉरीतून उतरले तेव्हा सगळ्यांच्या गणवेशावर धूळ होती आणि ब्रदर कुपिडो एकेकाची पाठ झटकत होते. कारखान्यात माझ्या शेजारच्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या रशीदाबाईसुद्धा आल्या. म्हणाल्या, देव तुमच्या पद्धतीचा असला तरी वाजंत्री ऐकायला हरकत नाही. मोठी बासची वाद्यं वाजायला लागली तेव्हा मिर्ना खुर्चीवर उभी राहिली आणि कितीही ओढली तरी खाली बसेना. ब्रदर कुपिडो मधे मधे चार वाक्यं बोलत होते, उपदेश असा नाही, हे गाणं कुठल्या दुःखात कुणी गायलं एवढंच. दाराबाहेर गोदीतला एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही, आणि शेवटचं गाणं होईपर्यंत गेलाही नाही.

मा, आता मनातलं लिहिते. कारखान्यात नवीन बाई आली की विचारते, नवरा काय करतो. मी एकीला सांगते बोटीवर आहे, दुसरीला सांगते होता. मग त्या दोघी जेवायच्या सुट्टीत एकत्र बसतात. काळे कपडे घातले तर तुम्ही रागावाल, लाल घातले तर गाव बोलेल, म्हणून मी दोन वर्षं करडा स्कर्ट घालते. परवा मिर्नाने विचारलं, प्रार्थनेत पप्पाला सांभाळ म्हणायचं की पप्पा तुझ्याकडे आहे म्हणायचं. मी म्हटलं, दोन्ही म्हण. ती म्हणाली, देवाचा गोंधळ होईल.

त्या कॅसेटचं माझं काही नाही. पण येफ्तासाठी एकदा बँड चर्चच्या दारात उभा करा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाळक करणार नाहीत आणि तुम्हाला डावलून मलाही करायचं नाही. त्याला विसरायचं म्हणून नाही विचारत. मी ना इकडची ना तिकडची, चर्चमध्ये विधवांशेजारी बसावं की नवरे असलेल्या बायकांशेजारी तेही मला कळत नाही.

बसवाल्या अडोनिसबद्दल तुमच्या कानावर कुणी काही घालायच्या आत मीच सांगते. तो मला रोज घरापर्यंत सोडतो, कारण त्याच्या बसचा रस्ताच तो आहे.

राग आला तरी पत्र लिहा. तुमच्या मायेवर आम्ही दोघी आहोत.

तुमची,
लीसबेट


बेराका,
४ मार्च १९८४

चि. सौ. लीसबेट हिस,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं. राग तेवढाच आला.

मी तुला कधी बांधून ठेवलंय का, सांग. शहरात जाते म्हणालीस, जा म्हटलं. पोरीला नेते म्हणालीस, ने म्हटलं. पण माझ्या मुलाला मारून टाका एवढं मात्र माझ्याकडून व्हायचं नाही. लाल स्कर्ट घाल, मी काही बोलणार नाही. अडोनिसच्या बसचा रस्ता कुठून जातो ते मला चांगलं ठाऊक आहे, माझी मावसबहीण तिकडेच राहते आणि तिच्या घराशी ती बस इतका वेळ कधी थांबत नाही.

तुझ्या पत्राचा परिणाम असा की मला बसून खाता येत नाही. भाकरी हातात घेते आणि चालत चालत खाते. बीट उपटायला आलं नव्हतं तरी उपटलं. भिंतींना चुना मारला, तो वाळायच्या आत दुसरा हात मारला, आता पोपडे येतायत. संध्याकाळी बस यायच्या वेळेला पाय आपोआप फाटकाकडे जातात. बसमधून उतरतात ते शिक्षक आणि जोड्यांच्या कारखान्यातल्या पोरी. मला पाहून ते आता हातही करत नाहीत, रोजच्या खांबाला कोण हात करतं.

तर मी सराव चालू असताना चर्चमध्ये गेले. बँड वाजत होता, मी मधोमध जाऊन उभी राहिले. एकेक वाद्य बंद पडलं. कुपिडोने पाळकांना बोलावलं, पाळकांनी पाणी मागवलं, जणू मला घेरी येणार होती. शेवटी असं ठरलं की मुलांचा, विधवांचा आणि बिनलग्नाच्या पोरींचा सूर कॅसेटवर घालायचा, नवऱ्यांचा नाही. रेकॉर्डिंग शनिवारी, सतरा तारखेला. आदल्या रविवारी पाळक सगळ्यांना सांगतील, म्हणजे कुणी उगाच कॉफी चढवायला नको. कुपिडोने माझ्यासमोर मान हलवली. हलवताना तोंड असं केलं होतं जसं मी त्याचा कॉर्नेट गिळला.

येफ्ताला स्वतःला बँडचं काही नव्हतं हे तुला माहीत आहे. लहानपणी एकदा फुंकून बघितलं तर शेजारच्यांची गाय आटली, असं आपला फेब्रुआरी आहे ना, त्याची बायको अजून सांगते. ती काहीही सांगते. तिच्याशी मी बोलत नाही.

राग आहे, पण माया त्याच्या खाली आहे, शोधलीस तर सापडेल.

तुझी सासू,
अपोलोनिया अरेंड्से


बेराका,
१६ मार्च १९८४

चि. सौ. लीसबेट हिस,

अ. उ. आ. वि. वि. हे पत्र बसून वाच. आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही आणि येफ्ताची काही खबर नाही. हे दोन्ही नीट वाचलंस की मग पुढे जा.

काल, गुरुवारी, वारा अचानक पडला. रेकॉर्डिंगवाला लवकरच येऊन पाळकांकडे उतरला होता. शहरातला, बारीक, सारखा घड्याळ बघणारा. म्हणाला, असा शांत दिवस शनिवारी मिळेलच कशावरून, आजच उरकू. बँडवाले फळबागांतून, कारखान्यातून धावत आले. दिवस बदलला हे गावाला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्याने चर्चच्या दारासमोर मायक्रोफोन उभे केले. कुपिडोला व्हॅनमध्ये बसवून कानाला यंत्र लावलं. मग बँडला म्हणाला, ते कागद बाजूला ठेवा आणि न बघता येतं असं काहीही वाजवा, मला आवाज जुळवून घेऊ दे. आता तूच सांग, आपल्या माणसांना चर्चच्या दारात बिनकागदाचं उभं केलं तर त्यांच्या हातून दुसरं काय वाजणार? पहिला सूर झाला. कुणी थांबवलं नाही म्हणून बोटं पुढे गेली. आणि बोटांना सवय कशाची, तर या गावात बायका चिवट आहेत, मरतात ते नवरे. नवऱ्यांचा सूर वाजला, चांगला मोठ्याने. रेकॉर्डिंगवाला अजून, अजून असा हात करत राहिला म्हणून तोच सूर पुन्हा पुन्हा, आणि कुपिडोच्या कानात त्या यंत्राची नुसती खरखर.

दुकानदाराने फळ्या लावल्या. घंटेवाला म्हातारा साग्रियस कानाने ठार बहिरा, पण बासचा धक्का त्याला छातीत कळतो. त्याने तिसऱ्या सुराची वाट न बघताच घंटेचा दोर धरला. थडगी खणणारा फावडं घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला, कारण कुणासाठी खणायचं ते त्याला कळेना. बायका आपापला नवरा शोधत पळाल्या. फेब्रुआरी संडासात होता, बायकोने बाहेरून दार असं बडवलं की तो पुरा न आवरताच बाहेर आला. सगळ्यांचे नवरे सापडले. मग सगळं गाव माझ्या फाटकाकडे वळलं.

मी घरातच होते. सूर ऐकला, घंटा ऐकली. मला वाटलं, बंदरावरून निरोप आला असणार, आणि पाळकांना माझ्यासमोर तोंड उघडायचा धीर झाला नाही म्हणून त्यांनी आधी बँड उभा केला. मी चुलीवरची मसूर उतरवली. ॲप्रन काढून खुंटीला लावला. काळी शाल घेतली, दाराशी खुर्ची ठेवली आणि बसले. लीसबेट, मला रडू आलं नाही. माझे पाय थांबले. दोन वर्षांत मी त्या खुर्चीत अशी बसले नव्हते. सगळी वर येताना दिसत होती, हातात किटल्या, ताटलीत पाकात घोळवलेल्या कुकसिस्टर, आणि मी मनात म्हणत होते, या, एकदाची या.

फेब्रुआरीची बायको सगळ्यांत पुढे. तिने किटली खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला.

तेवढ्यात सूर मधेच तुटला आणि कुपिडो पळत आला, यंत्र गळ्यात तसंच, त्याची वायर मागे लोंबतेय. चूक झाली म्हणाला. कुणी नाही, ऊमा, कुणी गेलेलं नाही. सगळी माझ्याकडे बघायला लागली. आनंद करायचा की काय ते त्यांना कळेना. मलाही कळेना. असं वाटलं की कुणीतरी येफ्ताला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि चुकीचं घर म्हणून परत घेऊन गेलं.

मी सगळ्यांना हाकलून दिलं. खाणं ठेवून गेले ते गेलेच. ते मला खाववत नाही आणि फेकवतही नाही. रात्रभर घरात येरझारा घातल्या. आता काय करायचं ते तूच सांग, तुलाच घाई होती.

लोभाचं पुढच्या वेळी लिहीन.

अपोलोनिया


अथलोन,
२५ मार्च १९८४

ती. मा यांना,

लीसबेटचा स. सलाम. वि. वि. पत्र बसूनच वाचलं. रशीदाबाईंनी माझं मशीन बंद केलं, कारण मी तशीच पायडल मारत होते आणि खाली कापड नव्हतं.

मी आता काही मागणार नाही. मागताना मला माझाच विचार होता. गाव कुणाच्या फाटकाशी येईल ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी इथे शहरात आहे, तिथे खुर्ची टाकून तुम्ही बसणार. तुम्ही नको म्हणाल तर नको, आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. प्रार्थनेचं मिर्नाला मी समजावीन.

एक मात्र लिहिते, मग हवं तर पत्र पिठाच्या डब्याखाली टाका. मा, तुम्ही ॲप्रन काढलात. कुणी तुम्हाला सांगायला आलं नव्हतं, तार आली नव्हती. बाकीच्या बायका नवरा शोधायला पळाल्या. तुम्ही कुणालाच शोधायला गेला नाहीत.

ईस्टरला आम्ही येतो आहोत. मुरवलेली मासळी मी इथूनच करून आणते, तुम्ही उभ्या राहून कांदे चिरू नका. जीव आहेच, तुम्हीही ठेवा.

तुमची,
लीसबेट


बेराका,
६ एप्रिल १९८४

चि. लीसबेट हिस,

सासूचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. फार शहाणी झालीस. तुझं पत्र वाचून मी ॲप्रन काढला, पुन्हा घातला, आणि पाळकांकडे गेले.

त्या रेकॉर्डिंगवाल्याचं यंत्र त्या दिवशी चालूच होतं. टेप पाळकांच्या घरी होती. कुपिडोला ती पुसून टाकायची होती, लाजेने. मी म्हटलं, आधी मला ऐकव. पाळकबाईंनी खुर्ची दिली, मी उभीच राहिले. पहिला सूर आला. मग नवऱ्यांचा. मग फळ्या लावल्याचा आवाज, घंटा, कुणाचं तरी कुत्रं, फेब्रुआरीच्या बायकोचं ओरडणं. मग कुपिडोने उघडलेला व्हॅनचा दरवाजा, आणि सगळं बंद.

तेव्हा मला समजलं की हे सगळे दिवस मला नेमकं काय खातंय. पहिला सूर उठवतो. मधला नाव सांगतो. तिसरा पोचवतो. आपल्या लोकांनी माझ्या मुलाला उठवलं, गावासमोर त्याचं नाव घेतलं आणि रस्त्यात सोडून दिलं. तू लिहितेस मी ॲप्रन काढला. काढला. मी मनातून त्याला देऊन बसले होते, लीसबेट, तेव्हाच. ते परत घ्यायला गेले तर येत नाही. त्या दिवसापासून मी संध्याकाळी फाटकाकडे जाते खरी, पण बस आली का ते बघतच नाही.

म्हणून मी कुपिडोला सांगितलं की ईस्टरच्या आदल्या शनिवारी, सकाळी, सगळा बँड चर्चच्या दारात पाहिजे, धुतलेल्या गणवेशात. तिन्ही सूर पहिल्यापासून वाजवायचे आणि पाळकांनी नाव वाचायचं, येफ्ता योहान्नेस अरेंड्से, पूर्ण. तो दुसरा ट्रॉम्बोनवाला सुरात नसेल तर त्याने नुसतं धरून उभं राहायचं. कुपिडोने सगळ्याला मान हलवली. या वेळी तोंड नीट होतं.

तेव्हा तू गुरुवारच्या बसने ये. सूर वाजतील तेव्हा फाटकाशी तू उभी राहशील, कारण कॉफी बायकोच्या हातात देतात, आईच्या नाही. काळे कपडे इथे देते, माझेच आहेत, कंबरेत आवळावे लागतील. मिर्नाला आधी सांगून आण. रडायचं असेल तर रड, नसेल तर नको, लोक काय म्हणतात ते मी बघून घेईन. वर्ष झालं की काळं उतरव आणि मग तुला हवं तसं राहा. कुणी बसने आलं तरी मी फाटक उघडीन. बोलेन की नाही ते त्या दिवसावर.

कुपिडोने शेवटी घाबरत विचारलं की रेकॉर्डिंगवालाही राहिलेलं काम करायला त्या दिवशी येतोय, पण आपल्या घरचं दुःख म्हणून यंत्र बंद ठेवायला सांगू का. मी म्हटलं, चालूच ठेव, आणि कॅसेटवर हाच सूर घाल. तू म्हणतोस ना या कॅसेटी बोटींवर जाणार आहेत. येफ्ता देवाच्या घरी पोचला असेल तर त्याला कॅसेट नको. आणि कुठल्या बोटीवर, कुठल्या परमुलखात तो ठोंब्या दडून बसला असेल, तर त्याला ऐकू येऊ दे की त्याच्या आईने वाट बघणं बंद केलंय. मग यावं त्याने आणि आधी तुला, मग मला, तोंड दाखवावं.

मासळीत हळद कमी घाल. माया आहे, ती न मागता मिळेल.

तुझी,
मा